पावसाळ्यात पुन्हा पुन्हा विझणारे डॅशबोर्डचे दिवे : जुन्या गाडीतील बल्ब स्वतः बदलताना

रत्नागिरीजवळचा भाट्ये पूल ओलांडून रात्री पावस गावाच्या रस्त्याला लागलो आणि सुरूच्या बनाजवळ स्पीडोमीटरची डावी बाजू अचानक अंधारात गेली. वेगाचा काटा अर्धवट दिसत होता, पेट्रोलचा काटा मुळीच दिसत नव्हता. डॅशबोर्डवर हात आपटला की उजेड क्षणभर येई आणि पुढच्या खड्ड्याला पुन्हा जाई. गाडी १९९८ सालची, पेट्रोलवर चालणारी, लहान. हा प्रकार तिच्यात चार वर्षांत चौथ्यांदा घडत होता आणि दर वेळी पावसाळ्यातच घडत होता.

पहिल्या तीन वेळी मी तेच केले जे बहुतेक जण करतात. मीटर, म्हणजे काट्यांची सगळी पेटी, बाहेर काढला, विझलेला एखाद-दुसरा बल्ब काढून नवा बसवला, दिवा लागला, म्हणजे काम झाले असे समजून स्क्रू आवळले. काढलेले बल्ब मात्र टाकून दिले नव्हते; ते खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात पडून होते. चौथ्या वेळी नवा बल्ब आणायला निघालो, तेव्हा एसटीच्या डेपोत अनेक वर्षे वायरिंगचे काम केलेले आमच्या शेजारचे काका गडग्यापलीकडून म्हणाले, "अरे, दर वर्षी बल्ब कसा जाईल? पत्री कळकली असेल, ती बघ आधी." मी डब्यातले पाचही जुने बल्ब काढले आणि एकेक करून दोन वायरींनी बॅटरीला लावून पाहिले. पाचपैकी चार पेटले.

याचा अर्थ, इतकी वर्षे मी चांगले बल्ब काढून त्यांच्या जागी चांगलेच बल्ब बसवत होतो. दिवा परत लागत होता तो नव्या बल्बमुळे नव्हे, तर काढताना-बसवताना होल्डरच्या, म्हणजे बल्ब धरणाऱ्या खोबणीच्या, धातूच्या बारीक पत्र्या मीटरमागच्या तांब्यावर घासल्या जात होत्या आणि संपर्क तेवढ्यापुरता साफ होत होता म्हणून. पुढच्या पावसाळ्यात तोच संपर्क पुन्हा खराब होत होता. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून मी जे केले ते क्रमाने लिहितो आहे.

किनाऱ्यावर हा दोष का वाढतो

मीटरच्या मागे पातळ, लवचिक प्लास्टिकची एक फिल्म असते आणि तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या छापलेल्या असतात. बल्बचा होल्डर मीटरच्या भोकात घालून थोडा फिरवला की त्याच्या दोन बारीक पत्र्या या तांब्याच्या उघड्या भागावर दाबून बसतात. सगळा प्रवाह याच दाबातून जातो. तिथे ना स्क्रू असतो ना झाळ. ही जागा नखाएवढीसुद्धा नसते, त्यामुळे तिच्यावर जरासा थर चढला तरी दिव्याला तो जाणवतो.

समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि काचा बंद असल्या तरी ब्लोअरच्या वाटेने डॅशबोर्डच्या आत पोहोचतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला आषाढात जे होते, तेच या कणांना होते, कारण जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वरच असते. मिठाच्या पाण्याचा हा पातळ थर तांबे आणि पितळ यांच्यावर बसतो आणि कल्हई उडालेल्या भांड्याला जसा हिरवा कळंक चढतो तसा इथेही चढतो. हा कळंक विजेचा वाईट वाहक असल्यामुळे दिवा आधी मंद होतो, मग हेलकाव्याला लागतो-विझतो आणि शेवटी विझूनच राहतो.

दुसरे कारण आमच्या खळ्यातच होते आणि ते लक्षात यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. गाडी आंब्याखाली उभी असे. वायपरच्या खाली जाळीची जी पन्हळ असते तिच्यात आंब्याची पाने कुजून चिखल झाला होता आणि पाणी निघून जाण्याचे भोक पूर्ण बुजले होते. मोठी सर आली की पन्हळ भरे आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरे. शेजारच्या सीटखालची चटई नेहमी ओलसर का असते याचे उत्तर तिथे होते. आत पाणी साचले की दुपारच्या उन्हात त्याची वाफ होते आणि रात्री ती मीटरच्या मागच्या थंड भागावर धरते. हे भोक मोकळे केल्याशिवाय डॅशबोर्डमधले कितीही संपर्क घासले तरी दोष परत येणारच. काचेभोवतीचे रबर कडक होऊन तडकले असेल तर तेही पाहावे.

मीटर उघडण्याआधी काय पाहावे

अंधार पडल्यावर, इंजिन बंद ठेवून, स्विच पार्किंग लाइटच्या टप्प्यावर फिरवावा आणि आधी खाली उतरून गाडीच्या मागे जावे. मागचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवाही बंद असेल तर मीटरला हात लावण्याचे कारण नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर चालतात, त्यामुळे फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून तो फ्यूज तपासावा. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल रंग १० अँपिअरचा आणि निळा १५ अँपिअरचा असतो. गेलेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा फ्यूज घालावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी सोललेली वायर बॉडीला टेकते आहे, ती शोधावी. तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणे म्हणजे फ्यूज वाचवून वायरिंग जाळणे होय.

मागचे दिवे लागतात, पण डॅशबोर्डवर मात्र सगळीकडे अंधार आहे, असे असेल तर उजेड कमी-जास्त करण्याचा डिमर आधी पाहावा. तो चुकून खाली फिरवला गेलेला असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. शिवाय त्याच्या आतल्या तारेवरही तोच कळंक चढतो, म्हणून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवावे. पुष्कळदा तेवढ्यानेच उजेड परत येतो. तरीही नाही आला तर मीटरच्या मागचा कपलर (वायरींचा जोड) आणि अर्थची वायर यांच्याकडे वळावे, कारण सगळे बल्ब एकाच दिवशी जात नाहीत.

एकच कोपरा अंधारात असेल तर तो एक बल्ब किंवा त्याचा होल्डर, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. हात आपटल्यावर दिवा लागत असेल तर संशय संपर्कावर घ्यावा. क्वचित तुटलेली फिलामेंटही हादऱ्याने क्षणभर जुळते, पण तसा बल्ब फार दिवस टिकत नाही आणि काढून पाहिल्यावर भिंगाखाली ती तूट दिसते. काचेच्या आत काळसर झाक असेल तर बल्ब वापरून संपला आहे. आत पांढरट दुधी थर असेल तर काच कुठेतरी फुटून आत हवा शिरली आहे. काच स्वच्छ आहे आणि फिलामेंट अखंड आहे, तर तो बल्ब बॅटरीवर लावून पाहिल्याशिवाय फेकू नये.

इथे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजण्याचे यंत्र, वापरणाऱ्यांची एक चूक होते आणि ती माझीही झाली होती, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. बल्ब काढून होल्डरच्या जागेवर मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवल्या की १२ व्होल्ट दिसतात आणि आपण समजतो की वीज तर येते आहे, म्हणजे दोष बल्बचाच. पण मल्टिमीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे कळंकातून जेमतेम झिरपणारा व्होल्टेजही तो पूर्ण दाखवतो. बल्बला मात्र खरा प्रवाह लागतो, ३.४ वॅटच्या बल्बला सुमारे ०.२८ अँपिअर. म्हणून मोजणी बल्ब जागेवर बसवून, स्विच चालू ठेवून, बल्बच्या दोन पायांवर करावी. तिथे ८ किंवा ९ व्होल्टच मिळत असतील आणि बॅटरीवर १२.४ दिसत असतील, तर मधले व्होल्ट खराब संपर्कात अडकले आहेत. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी मिळाला तरी उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे डॅशबोर्ड जुना झाला म्हणून मंद दिसतो असे आपण मानतो, तेव्हाही अनेकदा कारण हेच असते. मल्टिमीटर नसेल तर दोन वायरी जोडलेला एक साधा ५ वॅटचा बल्ब टेस्ट लॅम्प म्हणून वापरावा. या कामात तो मल्टिमीटरपेक्षाही खरे बोलतो.

बल्ब आणताना

बल्ब खरोखर गेलेला असेल तर जुना बल्ब हातात घेऊनच दुकानात जावे. डॅशबोर्डमध्ये लागतात ते बिनकॅपचे, म्हणजे काचेच्याच चपट्या बुडाला दोन बारीक तारा दुमडलेले बल्ब. त्यांचे दोन आकार नेहमी भेटतात : टी-१० हा काचेच्या बाजूने साधारण १० मिलिमीटर जाडीचा आणि टी-५ हा साधारण ५ मिलिमीटरचा. मीटरमध्ये मोठा, तर एसीचे बटण, घड्याळ आणि इतर लहान जागांत छोटा, अशी विभागणी बहुधा दिसते, परंतु प्रत्येक गाडीत ती तशीच असेल असे गृहीत धरू नये.

आकार जुळला म्हणजे झाले, असेही नाही. टी-१० याच आकारात ३, ३.४ आणि ५ वॅट असे वेगवेगळे बल्ब मिळतात. पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब मीटरच्या होल्डरमध्ये अगदी बरोबर बसतो, उजेडही छान देतो आणि म्हणूनच तो मोह घातक आहे. मीटरच्या बंद खोक्यात उष्णतेला बाहेर जायला वाट नसते; काही महिन्यांत होल्डर मऊ पडतो, फिल्म सुरकुतते आणि डायलच्या मागचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होते. मूळ बल्बच्या बुडावर वॅटचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो उन्हात धरून वाचावा आणि तेवढ्याच वॅटचा बल्ब घ्यावा. मूळ बल्बावर हिरवी किंवा निळी रबराची टोपी असेल तर ती जपून काढून नव्या बल्बाला चढवावी, कारण डॅशबोर्डचा रंग त्या टोपीचा असतो.

मीटर बाहेर काढणे

हे काम दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत करणे उत्तम. पावसाळ्यात करावेच लागले तर उघडीप पाहून करावे, म्हणजे साफ केलेल्या संपर्कावर लगेच ओल बसणार नाही. पहाटेच्या गारव्यात मात्र करू नये. पंचवीस वर्षांच्या जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा थंड असताना काचेसारख्या तडकतात. गाडी तासभर उन्हात उभी राहिल्यावर त्याच क्लिपा थोड्या नमतात. हा अनुभव मी एक क्लिप मोडून घेतला आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर, बहुधा दहाच्या पान्याने, सोडवून बाजूला करावी. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर वायर सोडवल्यावर गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेवढा वेळ थांबावे आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नये. स्टीअरिंगच्या वरच्या कव्हरवर जुना टॉवेल घालावा, म्हणजे मीटर बाहेर ओढताना काचेला चरे पडणार नाहीत.

बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरवरचे छज्जासारखे झाकण आतल्या कडेला, वरून खाली पाहणाऱ्या स्क्रूंनी धरलेले असते. ते स्क्रू काढले, झाकण अलगद आपल्याकडे ओढले, की मीटर धरणारे स्क्रू दिसतात. प्रत्येक स्क्रू काढला की तो एका कागदावर गाडीतल्या जागेप्रमाणे टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पुढचे प्लास्टिक फुटते. मीटर दोन-तीन इंच पुढे आला की जोर लावू नये, कारण मागे स्पीडोमीटरची केबल अडवत असते. मीटरच्या मागे हात घालून केबलच्या टोकावरची प्लास्टिकची जिभली दाबावी आणि केबल सरळ मागे ओढावी. हात पुरत नसेल तर बॉनेटमध्ये शिरून फायरवॉलमधली, म्हणजे इंजिन आणि गाडीची आतली बाजू यांच्या मधल्या पत्र्यातली, केबल थोडी आत ढकलावी, म्हणजे आत सैलपणा मिळतो. त्यानंतर वायरींचे कपलर त्यांच्या जिभल्या दाबून काढावेत; वायरीला धरून ओढू नये. कुठला कपलर कुठे होता याचे दोन-तीन फोटो मोबाइलवर आधीच काढून ठेवावेत.

संपर्क साफ करणे

मीटर टेबलावर पालथा ठेवला आणि पहिला होल्डर फिरवून काढला, तेव्हा तांब्याच्या ज्या दोन पट्ट्यांवर पत्र्या टेकत होत्या तिथे पोपटी रंगाची भुकटी दिसली, आणि तिच्या मधोमध मोहरीच्या दाण्याएवढा काळा डाग. दिवा इतके दिवस त्या डागातून जेवढी वीज मिळेल तेवढ्यावर जळत होता. ज्या होल्डरचे दिवे अजून नीट लागत होते त्यांच्याखालीही हिरवी कड धरायला सुरुवात झाली होती. म्हणून मीटर एकदा बाहेर काढला की विझलेल्या एका दिव्यापुरते काम करू नये; सगळे होल्डर काढून सगळे संपर्क साफ करावेत. मीटर काढण्या-घालण्याचे श्रम तेवढेच असतात.

घासण्यासाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे शाळेतल्या मुलांचे पांढरे, मऊ खोडरबर. तांब्याचा थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे पॉलिश पेपर किंवा सुरीचे पाते लावले तर कळंकाबरोबर तांबेही निघून जाते. खोडरबराची एक कड तिरकी कापून टोक करावे आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासावे. आडवे घासले तर पट्टीची कड फिल्मपासून सुटू शकते. चार-पाच वेळा घासल्यावर हिरवट भुकटी खोडरबरावर येते आणि खालून तांब्याचा गुलाबीसर रंग दिसू लागतो. तो दिसला की थांबावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने भुकटी पुसून काढावी आणि पंधरा मिनिटे वाळू द्यावे.

घरातली तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख होतात, म्हणून तोच उपाय इथे करण्याची इच्छा होते. तो करू नये. भांडे आपण भरपूर पाण्याने धुतो; मीटर तसा धुता येत नाही, आणि फिल्मच्या कडेखाली राहिलेले आम्ल आणि मीठ पुढच्या वर्षभर तांबे खात राहते. रॉकेलही टाळावे, कारण ते वाळल्यावर मागे तेलकट थर राहतो आणि त्याच्यावर धूळ बसते.

होल्डरकडेही तितकेच लक्ष द्यावे. त्याच्या पत्र्या बारीक पॉलिश पेपरच्या चिंचोळ्या तुकड्याने घासल्या तरी चालतात, कारण त्या जाड असतात. वर्षानुवर्षे दबून पत्र्या सपाट झालेल्या असतात. चिमट्याच्या टोकाने त्यांना किंचित, अर्धा मिलिमीटर एवढेच, वर उचलावे म्हणजे दाब परत येतो. जास्त उचलल्या तर होल्डर फिरवताना त्या फिल्मला ओरखडतात. बल्बच्या बुडाच्या दुमडलेल्या तारा खोडरबराने पुसाव्यात. घामट हातांनी हे काम करू नये. आपल्या घामातही मीठच असते.

शेवटी प्रत्येक संपर्कावर डायलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, काडीच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढे घेतले तरी दोन होल्डरांना पुरते. ग्रीस वीज वाहत नाही, मग ते संपर्कावर का लावायचे, असा प्रश्न मला पडला होता. पत्री दाबून बसते तिथून ग्रीस बाजूला सरकते आणि धातूला धातू लागतो. उरलेले ग्रीस भोवती कडे करून खारी ओल आत येऊ देत नाही. साधी पेट्रोलियम जेली आपल्याकडच्या उन्हात पातळ होऊन डायलपर्यंत पसरते, म्हणून ती मी वापरत नाही. मीटरच्या मोठ्या कपलरच्या पिनांनाही याच पद्धतीने पुसून ग्रीस लावावे आणि अर्थची वायर जिथे बॉडीला स्क्रूने बसते तिथला रंग व गंज खरवडून ती पुन्हा घट्ट आवळावी.

तांब्याची पट्टी कळंकाने पूर्ण खाल्ली जाऊन मध्येच तुटली असेल, तर सोल्डर करण्याआधी विचार करावा. फिल्म प्लास्टिकची असते आणि गरम सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकले तरी ती आक्रसते. अनुभव नसेल तर हे एवढे काम टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक वायर जोडून करून घ्यावे. मीटर हातात घेऊन गेलो तर ते अर्ध्या तासाचे काम आहे.

कन्सोलचे छोटे दिवे

एसी किंवा ब्लोअरच्या बटणांमागचे, घड्याळातले आणि लायटरभोवतीचे दिवे मीटरपेक्षा पोहोचायला अवघड, पण बाकी तत्त्व तेच. बटणे बहुधा फक्त दाबून बसवलेली असतात. पक्कड लावली तर ती चिरतात. त्याऐवजी बुटाची चपटी नाडी बटणामागे गुंडाळून दोन्ही टोके सरळ ओढावीत. आतला टी-५ बल्ब इतका लहान असतो की बोटांनी धरता येत नाही. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा किंवा मऊ रबरी नळीचा इंचभर तुकडा बल्बवर चढवला की तो सहज निघतो आणि तसाच बसवताही येतो. हा बल्ब १.२ वॅटचा असेल तर प्रवाह सुमारे ०.१ अँपिअर, म्हणजे फारच थोडा.

धोक्याच्या दिव्यांकडे दुर्लक्ष नको

मीटरमधला उजेड गेला तर आपल्याला लगेच कळते. ऑइलचा किंवा बॅटरीचा लाल दिवा गेला तर कळत नाही, कारण तो विझलेला असणे हीच नेहमीची स्थिती असते. म्हणून चावी चालूच्या टप्प्यावर आणून, इंजिन सुरू करण्याआधी, हे दोन्ही दिवे पेटतात का हे रोज पाहावे. ऑइलचा दिवा पेटत नसेल तर ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या धातूला टेकवावे. तेव्हा दिवा पेटला तर स्विच बिघडला आहे आणि नाही पेटला तर बल्ब, होल्डर किंवा वायर. हा दिवा दुरुस्त होईपर्यंत कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट चढायला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) चार्जिंग सुरू करण्यासाठी लागणारा पहिला प्रवाह या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला किंवा त्याचा होल्डर कळकला तर इंजिन चालू असूनही अल्टरनेटर चार्ज करत नाही, किंवा बराच रेस केल्यावर करू लागतो. आमच्या घरी याच कारणाने एक बॅटरी विनाकारण बदलली गेली. नवी बॅटरीही आठवड्यात उतरली तेव्हा होल्डर सापडला. याच कारणासाठी या जागी एलईडी बल्ब घालू नये, कारण तो पुरेसा प्रवाह जाऊ देत नाही.

मीटरच्या उजेडासाठी एलईडी चालते. ती गरम होत नाही आणि प्रवाहही कमी घेते. मात्र ती उलटी बसली तर पेटत नाही, अशा वेळी काढून फिरवून घालावी. काही एलईडींचा झोत फक्त पुढे पडतो आणि डायलवर मध्ये लखलखाट, कडेला अंधार असे होते. आणि जुन्या डिमरने तिचा उजेड नीट कमी होत नाही. रात्री किनाऱ्याच्या अंधाऱ्या रस्त्यावर डोळ्यांना मूळ बल्बचा मंद उजेडच सोसतो, म्हणून मी बदल केला नाही.

संपर्क स्वच्छ असूनही बल्बांच्या फिलामेंट खरोखर तुटत असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा व्होल्टेज मोजावा. तो साधारण १३.८ ते १४.४ असावा. १५ च्या आसपास जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. व्होल्टेज ५ टक्के वाढला तरी फिलामेंटच्या बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते, आणि अशा गाडीत डॅशबोर्डचेच नव्हे, हेडलाइटचेही बल्ब वरचेवर जातात.

परत बसवताना

झाकण लावण्याआधी कपलर जोडून, बॅटरीची वायर तात्पुरती लावून, पार्किंग लाइट चालू करावेत आणि मीटर बोटांनी हलवून पाहावा. हलवताना एकही दिवा लुकलुकत असेल तर तो होल्डर पुन्हा काढावा; आत्ता पाच मिनिटे लागतील, नंतर पुन्हा तासभर. चावी फिरवून लाल दिवे पाहावेत, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि हाय बीमचा निळा दिवाही पाहावा. केबल बसताना टिक असा आवाज येतो. तो आला नसेल तर गाडी धावू लागल्यावरही काटा शून्यावरच राहील. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, तेव्हा ते टेकले की थांबावे.

या कामाला आता तीन पावसाळे झाले. या काळात एकच बल्ब गेला, आणि तो बॅटरीवर लावूनही पेटला नाही. गाडी आता आंब्याखाली न ठेवता पडवीच्या बाजूला ठेवतो आणि वायपरखालच्या पन्हळीतली पाने मृगाच्या आधी एकदा व गणपतीच्या आधी एकदा काढतो. भोकातून पाण्याची बाटली ओतून ते चाकाजवळ खाली पडते का, हे पाहिल्याशिवाय बॉनेट बंद करत नाही. यंदा मेअखेरीस मीटर उघडून पाहिला तेव्हा तांबे अजून गुलाबीच होते. फक्त पेट्रोलच्या काट्यामागच्या होल्डरची एक पत्री काळसर झाली होती, ती घासून, ग्रीस लावून परत बसवली.